टांकें आणि रणगाडा

मुरबाडहून म्हशावरून देहरी गांवीं गेलें म्हणजे गोरखगडाचा सुळका समोर उभा राहतो. कड्यांत खोदलेल्या पायऱ्यांनीं वर चढल्यावर एक प्रशस्त गुहा लागते, आणि तिच्या आसपास खडकांत कोरलेलीं पाण्याचीं टांकीं दिसतात. शहापूरजवळच्या माहुलीवरहि अशीं टांकीं आहेत. वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढणाऱ्या वाटसरूला घाटाच्या तोंडाशीं पहिला विसावा मिळतो, तोहि टांक्याच्या पाण्याजवळच. चार महिने कोसळणारा पाऊस आणि उरलेले आठ महिने घागरीघागरीसाठीं वणवण, असा ज्या मुलखाचा स्वभाव, त्या मुलखानें आपल्यापुरती काढलेली ही सोय आहे.

टांक्यांतलें पाणी डोंगरावरच राहिलें. शब्द मात्र फार दूर गेला. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांनीं तो ऐकला आणि आपल्या भाषेंत नेला. इंग्रजी ‘टँक’ शब्दाची व्युत्पत्ति देतांना कोशकार गुजराती आणि मराठी शब्दाकडे बोट दाखवितात. पोर्तुगीज भाषेंत तळ्याच्या अर्थाचा ‘तांके’ हा शब्द होता, त्याचीहि जोड मिळाली असावी असें मानतात. हाच शब्द १९१५ च्या डिसेंबरांत लंडनमधील एका कचेरींत एका नव्या शस्त्राला चिकटला, आणि तो चिकटविला गेला तो त्या शस्त्राचा खरा धंदा लपविण्यासाठीं. मराठींत आपण त्याला रणगाडा म्हणतों.

रणगाड्याचा जन्म कारखान्यांत झाला हें खरें. पण गर्भावस्था सारी पत्रव्यवहारांत गेली. कांहीं पत्रांना उत्तरें आलीं, कांहींना आलीं नाहींत, आणि एका पत्राचें उत्तर सात वर्षांनीं न्यायासनापुढें मिळालें. हा सर्व इतिहास इंजिनिअरांच्या टपालाचा आहे असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पहिलें महायुद्ध १९१४ च्या ऑगस्टांत सुरू झालें आणि दोनतीन महिन्यांतच पश्चिम आघाडीवरील दोन्ही सैन्यें जमिनींत शिरलीं. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून समुद्रापर्यंत खंदकांची रांग खणली गेली. त्या खंदकांशीं महाराष्ट्राचा संबंध फार लवकर आला. खडकीच्या छावणींतून निघालेल्या सॅपर्स आणि मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं ४७ व्या शीख पलटणीबरोबर फ्रान्समधील नव्ह शापेल गांवावर चालून गेल्या. घराघरांतून संगिनींनीं लढत त्यांनीं गांव घेतलें; परंतु पाठीमागून कुमक आली नाहीं, आणि परततांना मशीनगनच्या माऱ्यांत दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सर्व गोरे अधिकारी मेले वा जखमी झाले. पूल बांधण्याचें आणि रस्ते करण्याचें शिक्षण घेतलेलीं हीं माणसें, तीं तेथें पायदळासारखीं खर्चीं पडलीं. त्याच गांवाजवळ १९२७ मध्यें उघडलेल्या स्मारकावर हिंदी सैनिकांचीं चार हजार सातशेंहून अधिक नांवें कोरलेलीं आहेत.

पुढचीं दोन वर्षें याच प्रसंगाची पुनरावृत्ति सर्व आघाडीवर होत राहिली. समोर कांटेरी तारांचें जाळें, तारांमागें मशीनगन, आणि दोन्ही खंदकांच्या मधली जमीन तोफांनीं नांगरलेली. माणसाला चिलखत हवें, पण पुरेसें जाड चिलखत माणसाला पेलत नाहीं. गाडीला तें पेलतें, तर गाडीचीं चाकें चिखलांत रुततात.

ही अडचण ठाणें जिल्ह्याच्या या भागांतील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाहीं. आषाढांत मुरबाडच्या किंवा शहापूरच्या भातखाचरांत चिखलणी चालू असते, तेव्हां बैल गुडघ्याएवढ्या चिखलांतून पाय उचलीत चालतो. पण त्याच खाचरांत भरलेली बैलगाडी घातली तर ती आंसापर्यंत जाते. आतां तेथें ट्रॅक्टर उतरतात, तेव्हां त्यांना लोखंडी पट्ट्यांचीं रुंद, पिंजऱ्यासारखीं चाकें लावतात तीं याचसाठीं. ओझें तेंच असलें तरी तें जितक्या अधिक जागेवर पसरेल तितकें तें जमिनीला सोसतें. दलदलींतून जाणारा मनुष्य फळी टाकून तिच्यावरून जातो, मग मागची फळी उचलून पुढें टाकतो. ही फळी गाडीनेंच आपल्यापुढें टाकावी आणि आपणच मागून उचलून घ्यावी अशी योजना केली, तर गाडी आपला रस्ता आपल्याबरोबर नेऊं शकेल. साखळीपट्ट्याची सारी कल्पना एवढीच आहे.

आणि ती निघाली शेतांतूनच. कॅलिफोर्नियांत स्टॉक्टन गांवाजवळ नद्यांच्या मुखांची मऊ, काळी, भुसभुशीत जमीन आहे. तेथें वाफेचे जड ट्रॅक्टर रुतत, म्हणून बेंजामिन हॉल्ट या कारखानदारानें १९०४ मध्यें चाकें काढून त्यांच्या जागीं लांकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसविले. इंग्लंडांतहि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनींत डेव्हिड रॉबर्ट्स या इंजिनिअरनें जवळजवळ त्याच सुमारास साखळीपट्ट्याचा ट्रॅक्टर तयार केला आणि तो ब्रिटिश लष्कराला दाखविला. लष्करानें तो पाहिला, वाखाणला, थोडेसे घेतले आणि विषय संपविला. कंटाळून कंपनीनें आपले परदेशांतील हक्क हॉल्टलाच विकून टाकले. घरची वस्तु दुसऱ्याला विकून मग ती उसनी मागावयाची, हा प्रकार केवळ हिंदुस्थानांतच होतो असें नाहीं.

युद्धाच्या उंबरठ्यावर, १९१४ च्या जुलैंत, ह्यू मॅरियट नांवाच्या खाणींच्या इंजिनिअरनें एका मित्राला पत्र लिहिलें. अँटवर्पला त्यानें हॉल्टचा ट्रॅक्टर पाहिला होता. वाटेंत कांहींहि आलें तरी तो चढून जातो, लष्करी सामान ओढण्यास उपयोगी पडेल, अशी त्याची सूचना होती. मित्राचें नांव अर्नेस्ट स्विंटन. रॉयल इंजिनिअर्समधील हा अधिकारी १८६८ मध्यें बंगलोर येथें जन्मला होता. स्विंटननें तें पत्र योग्य त्या खात्यांना कळविलें, आणि युद्धाच्या गर्दींत तें मागें पडलें. परंतु ऑक्टोबरांत, सरकारी युद्धवार्ताहर म्हणून फ्रान्समध्यें फिरत असतां, तारा आणि मशीनगन यांच्यापुढें पायदळाची होणारी कत्तल पाहून त्याला त्या पत्राची आठवण झाली. ओझें ओढणारें यंत्र चिलखत घालून, तोफ घेऊन, तारांवरच कां चढवूं नये?

लंडनला परतून त्यानें हा विचार युद्धमंडळाचा चिटणीस मॉरिस हँकी याच्या कानीं घातला. हँकीनें डिसेंबरच्या शेवटीं एक टिपण लिहिलें. तें वाचून आरमारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं ५ जानेवारी १९१५ रोजीं मुख्य प्रधान अ‍ॅस्क्विथ यांना पत्र लिहिलें. पत्र फिरत फिरत लष्करखात्याकडे गेलें, आणि १७ फेब्रुवारीला हॉल्टच्या ट्रॅक्टरची एक चांचणी झाली. दिवस पावसाचा होता. मागें जोडलेल्या ओझ्यासह ट्रॅक्टर चिखलांत अडकला. लष्करखात्यानें तेवढ्यावर निकाल दिला. तेव्हां चर्चिल यांनीं २० फेब्रुवारीला आरमारखात्याच्याच पैशानें एक समिति नेमली. जमिनीवरचें हत्यार, आणि त्याचा खर्च आरमाराच्या खात्यांत! समितीचा अध्यक्ष युद्धनौकांचा रचनाकार टेनिसन डेनकोर्ट, चिटणीस अल्बर्ट स्टर्न हा सराफी पेढीवरचा गृहस्थ. यंत्राचें नांव ठेविलें ‘भूनौका’. त्यांत नवलहि नव्हतें, एच. जी. वेल्सनें १९०३ मध्येंच जमिनीवर चालणाऱ्या पोलादी जहाजांची एक गोष्ट लिहिली होती आणि ती पुष्कळांनीं वाचलेली होती.

काम शेवटीं गेलें तें लिंकन या गांवीं, मळणीयंत्रें बनविणाऱ्या फॉस्टर कंपनीकडे. तिचा व्यवस्थापक विल्यम ट्रिटन. त्याच्या मदतीला आरमारखात्यानें वॉल्टर विल्सन हा लेफ्टनंट दिला. हा पूर्वी मोटारी बनवीत असे. व्हाइट हार्ट हॉटेलांतील एका खोलींत दोघे नकाशे काढीत बसत. ऑगस्टांत बांधणी सुरू झाली, सप्टेंबरच्या प्रारंभीं यंत्र अंगणांत फिरलें, आणि मुख्य व्याधि उघडी पडली. शिकागोहून मागविलेले साखळीपट्टे शेताच्या ट्रॅक्टरासाठीं केलेले होते; पोलादाच्या एवढ्या ओझ्याखालीं ते टिकेनात. खड्डा ओलांडतांना पट्टा खालीं लोंबे आणि पुन्हां वर येतांना चाकांवरून घसरे. पट्टा निसटला कीं एवढें मोठें यंत्र जागच्या जागीं निरुपयोगी होई.

ट्रिटननें निरनिराळे उपाय केले. बलाटा म्हणून दक्षिण अमेरिकेंतील एका झाडाचा रबरासारखा चीक असतो, त्याचे यंत्रांना लावावयाचे पट्टे करतात. तेहि करून पाहिले. शेवटीं दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्यांच्या कड्या, आंतल्या बाजूनें चौकटींत अडकून राहतील अशा, त्यानें आणि विल्सननें तयार केल्या. २२ सप्टेंबर १९१५ रोजीं लिंकनहून लंडनला स्टर्नच्या नांवें तार गेली. गुप्तता राखावयाची होती म्हणून ती घरगुती भाषेंत लिहिलेली होती. बलाटा काल सकाळीं चांचणीच्या बांकावर वारला. ट्रिटनला दाबीव पत्र्यांपासून नवें अपत्य झालें. वजनाला हलकें पण फार बळकट. सर्वांची प्रकृति उत्तम. आणि खालीं सही ‘अभिमानी आईबाप’. तारखात्यांतील कारकुनानें ती वाचून एखाद्या घरीं पाळणा हलला अशीच समजूत करून घेतली असेल. एका अर्थीं ती बरोबरहि होती. चिलखत, तोफ, इंजिन हीं सर्व पूर्वीपासून होतीं. नवी होती ती ही कडी. रणगाड्याचा नेमका वाढदिवस सांगावयाचा तर हाच सांगावा लागेल.

याच सुमारास विल्सननें आणखी एक युक्ति काढली. पट्टा यंत्राच्या खालीं न ठेवतां सबंध अंगाभोंवतीं, डोक्यावरून फिरवावयाचा आणि यंत्राचा आकार तिरपा, पुढून उंच करावयाचा, म्हणजे रुंद खंदक आणि उभा बांध दोन्ही ओलांडतां येतील. हें दुसरें यंत्र १९१६ च्या जानेवारींत तयार झालें. त्याला कारागीर ‘मदर’ म्हणूं लागले आणि पहिल्याला ‘लिट्ल विली’. वजन सुमारें २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचें, आंत आठ माणसें, वेग पायीं चालणाऱ्याइतका. त्यांतील चौघे तर नुसतें यंत्र चालविण्यांत आणि वळविण्यांत गुंतत. २ फेब्रुवारीला हॅटफील्ड येथें लॉर्ड किचनेर यांनीं तें पाहिलें. हिंदुस्थानचे माजी सरसेनापति म्हणून या नांवाची ओळख येथील वाचकांना आहेच. त्यांच्या मतें तें एक छानदार यांत्रिक खेळणें होतें. सैन्यानें तरीहि शंभर यंत्रें मागविलीं.

नांव मात्र त्यापूर्वींच पडलें होतें. एवढें मोठें पोलादी धूड कारखान्यांतून बाहेर पडणार, मजूर विचारणार, रेल्वेचे लोक विचारणार. त्यांना सांगावें काय? पाण्याच्या टांक्या आहेत, मेसोपोटेमियाला पाठवावयाच्या आहेत, असें कारखान्यांत सांगितलें जाई. १९१५ च्या डिसेंबरांत समितीच्या कागदपत्रांसाठीं नवें नांव हवें झालें तेव्हां स्विंटननें आणि त्याच्या सहकाऱ्यानें याच थापेचा आधार घेतला, आणि ‘टँक’ हा शब्द २४ डिसेंबरला कायम झाला. कांहीं यंत्रांवर रशियन अक्षरांत ‘पेट्रोग्राडसाठीं, जपून’ असेंहि रंगविलें होतें.

मेसोपोटेमियाचें नांव लंडनमध्यें थाप म्हणून सोयीचें होतें. महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांना तें तसें नव्हतें. त्याच दिवसांत सहावी पुणें डिव्हिजन तैग्रिस नदीच्या कांठीं कुत येथें वेढली गेली होती, आणि तींत मराठा पलटणी होत्या. ज्या २४ डिसेंबरला लंडनमध्यें नांव ठरलें त्याच दिवशीं तुर्कांनीं कुतच्या किल्ल्यावर मोठा हल्ला चढविला. हल्ला परतविला गेला. परंतु वेढा उठला नाहीं. धान्य संपलें, घोडे आणि खेंचरें मारून खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं उपाशी सैन्य शरण गेलें. त्यांतील पुष्कळ लोक कैदेंत आणि कैदेच्या वाटेवर मेले. मेसोपोटेमियासाठीं म्हणून जीं टांकीं लिंकनला घडत होतीं त्यांतलें एकहि त्यांच्याकडे जावयाचें नव्हतें. मराठी मुलखांतून गेलेला शब्द आणि मराठी मुलखांतून गेलेलीं माणसें, दोन्ही एकाच थापेच्या दोन टोकांना होतीं. आणि दोघांनाहि एकमेकांची वार्ता नव्हती.

रणांगणावरचा पहिला दिवस १५ सप्टेंबर १९१६. सोमच्या आघाडीवर फ्लेर आणि कूर्सलेत या गांवांजवळ ४९ रणगाडे आणले होते; त्यांतले ३२ हल्ल्याच्या जागेपर्यंत पोंचले, बाकीचे वाटेंतच बिघडले किंवा रुतले. फ्लेर गांव मात्र पडलें. त्यापुढील हकीकत युद्धशास्त्राची आहे आणि ती सर्वश्रुत आहे.

युद्ध संपल्यावर प्रश्न आला तो बक्षिसाचा. संशोधकांना पारितोषिकें देण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें न्यायमूर्ति सार्जंट यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला होता. १९१९ च्या शरदांत त्याच्यापुढें रणगाड्याचें प्रकरण उभें राहिलें आणि हक्क सांगणाऱ्यांची रांग लागली. एका कल्पनेला इतके बाप असूं शकतात हें पाहून आयोगालाहि अचंबा वाटला असेल. चर्चिल यांनीं कांहींच मागितलें नाहीं. त्यांची ग्रहणशक्ति आणि धाडस यांवांचून कल्पना व्यवहारांत उतरली नसती, असें मात्र आयोगानें नमूद केलें. ट्रिटन आणि विल्सन यांना मिळून १५,००० पौंड देण्यांत आले, स्विंटनला १,००० आणि डेनकोर्टला १,०००.

त्या रांगेंत ऑस्ट्रेलियन सैन्यांतला एक साधा शिपाई होता. त्याचें नांव लान्सलॉट द मोल. जन्म अ‍ॅडिलेड येथें १८८० मध्यें, धंदा इंजिनिअरिंगचे नकाशे काढण्याचा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खडबडीत मुलखांत काम करीत असतां, धक्के खात होणारा प्रवास त्याला जाचला आणि १९११ मध्यें साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या चिलखती गाडीची कल्पना त्याला सुचली. तो नुसत्या कल्पनेवर थांबला नाहीं. १९१२ मध्यें त्यानें रीतसर नकाशे काढून लंडनच्या लष्करखात्याकडे पाठविले. त्याच्या गाडीचे पट्टे पुढून उंच चढलेले होते. आणि वळतांना ते पट्टेच बाजूला वांकविण्याची सोय होती. चार माणसें घामाघूम करून जी गोष्ट ‘मदर’ला कशीबशी साधे, ती याच्या कागदावर चार वर्षें आधीं अधिक सुबकपणें साधलेली होती. १९१३ मध्यें उत्तर आलें कीं योजना नामंजूर.

युद्ध सुरू झाल्यावर त्यानें पुन्हां लिहिलें. कांहीं झालें नाहीं. १९१६ च्या सप्टेंबरांत वर्तमानपत्रांतून रणगाड्याची बातमी फुटली, तेव्हां त्याला काय वाटलें असेल याची कल्पनाच केलेली बरी. एखादा मनुष्य कडवट होऊन बसला असता. द मोलनें एका ओळखीच्या अधिकाऱ्याच्या साहाय्यानें गाडीचें एक-अष्टमांश आकाराचें चालतें मॉडेल बनविलें, सैन्यांत नांव नोंदविलें, आणि तें मॉडेल घेऊन १९१८ च्या आरंभीं तो इंग्लंडला पोंचला. कल्पना विलायतेला गेली तरी कोणी पाहात नाहीं, तर आपणच तिच्याबरोबर जावें, हा त्याचा हिशेब होता. तेथील संशोधनसमितीनें मॉडेल पाहून शिफारसहि केली; पण शिफारशीचा कागद एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जाऊन निर्णय होण्यापूर्वींच शिपायाला फ्रान्सच्या रणभूमीवर जाण्याचा हुकूम झाला, आणि तो गेला.

आयोगापुढें त्याच्या योग्यतेविषयीं वाद राहिला नाहीं. १९१६ मध्यें प्रत्यक्ष वापरलेल्या यंत्राच्या आधीं, आणि कांहीं बाबतींत त्याहून सरस, अशी अलौकिक योजना या मनुष्यानें १९१२ मध्येंच पूर्ण केली होती, असें आयोगानें स्पष्ट लिहिलें. आपल्या काळाच्या पुढें असणें हें त्याचें दुर्दैव, दोष नव्हे, असेंहि म्हटलें. परंतु पारितोषिकाचा नियम असा होता कीं संशोधन आणि त्याचा प्रत्यक्ष उपयोग यांच्यांत कार्यकारणसंबंध दिसला पाहिजे. ट्रिटन व विल्सन यांनीं द मोलचे नकाशे कधींच पाहिले नव्हते. ते लष्करखात्याच्या कपाटांत होते, आणि लिंकनच्या हॉटेलांतले दोघे तीच गोष्ट पुन्हां पहिल्यापासून शोधीत होते.

म्हणजे ज्या खात्यानें पत्र बाजूस ठेविलें, त्या बाजूस ठेवण्यामुळेंच पत्र लिहिणाराचा हक्क बुडाला. कायद्याच्या दृष्टीनें निकालांत चूक काढतां येत नाहीं. ट्रिटन आणि विल्सन यांनीं कोणाचें कांहीं चोरलें नव्हतें. सबंध १९१५ साल त्यांनीं ग्रीस माखलेल्या हातांनीं घालविलें आणि ती कडी स्वतः घडविली. त्यांच्या पंधरा हजारांचा मत्सर करण्याचें कारण नाहीं. तरीहि दप्तरांत पडलेल्या त्या नकाशांचा हिशेब कोणाच्या नांवें लिहावा, हा प्रश्न आयोगाच्या निकालपत्रांत सुटलेला नाहीं. १९१२ मध्यें एखाद्या कारकुनानें तो लखोटा योग्य टेबलावर ठेविला असता तर सोमच्या चिखलांत किती माणसें वांचतीं, हें सांगणें कोणाच्याच हातीं नाहीं. तो कारकून दुष्ट नव्हता. त्याच्याकडे दर आठवड्याला अशा अनेक योजना येत असतील, त्यांत बहुतेक वेडगळ असतील, आणि शहाणी कोणती हें ओळखण्यासाठीं त्याला पगार मिळत नसेल.

ही गोष्ट केवळ लंडनचीच नव्हती. ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील गुंटर बुर्स्टिन या इंजिनिअर अधिकाऱ्यानें १९११ मध्यें साखळीपट्ट्यावरील तोफगाडीची योजना आपल्या सरकारला पाठविली, मग जर्मनीलाहि दाखविली. दोन्हीकडून तिला नकारच मिळाला. युद्धाच्या दोन्ही बाजूंना रणगाडा अगोदरच टपालानें येऊन पडला होता.

द मोलला खर्चापोटीं एक हजार पौंडांहून थोडी कमी रक्कम मिळाली, कॉर्पोरल ही मानाची पदवी मिळाली, आणि १९२० मध्यें सी. बी. ई. हा किताब मिळाला. तो ऑस्ट्रेलियाला परत जाऊन पुन्हां नकाशे काढूं लागला, आणि ६ मे १९५० रोजीं सिडनी येथें वारला. ‘लिट्ल विली’ इंग्लंडमध्यें बोव्हिंग्टनच्या संग्रहालयांत उभा आहे. द मोलचें मॉडेल कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या संग्रहांत आहे. मुरबाडवरून माळशेज घाट चढून जाणारा रस्ता पुढें नगरला जातो. त्या गांवाचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. तेथें चिलखती दळाच्या केंद्रांत १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे, आणि सुटीच्या दिवशीं कल्याणहून निघालेलीं कुटुंबें मुलांना घेऊन तें पाहावयास जातात. वाटेंत उजव्या हाताला, ढग नसले तर, गोरखगडाचा सुळका दिसतो.